बस मागे घ्यायची नाही

कापितोलिना येगोरोव्हनाचा ऐंशीवा वाढदिवस शनिवारी सकाळी आठ वाजता सुरू झाला, कारण त्याला दुसरी वेळच उरली नव्हती. शुक्रवारी करता येत नव्हता. वाढदिवस आधी साजरा केला की माणूस पुढचा बघत नाही, हे लुझगिनांच्या घरात मांजरालाही ठाऊक होतं. रविवारीही जमत नव्हतं, कारण शनिवारी संध्याकाळी अर्कादीच्या संघाचा मोसमातला शेवटचा सामना होता आणि तो हरला तर रविवारी अर्कादीला कुठल्याही टेबलाशी बसवण्यात अर्थ नव्हता.

"ऐंशी वर्षं एकदाच होतात," आई फोनवर म्हणाली होती.

"एक्क्याऐंशीही एकदाच होतात," अर्कादी म्हणाला होता.

त्यावर तिने फोन ठेवला. म्हणजे ठरलं.

म्हणून 'प्रोकात' फुटबॉल क्लबची बस अठरा खेळाडू, एक मालिशवाला आणि प्रशिक्षक अर्कादीला घेऊन सामन्याच्या गावी जाताजाता आईच्या दाचाच्या, म्हणजे गावाबाहेरच्या बागेतल्या घराच्या, गल्लीत शिरली. खेळाडूंनी अंगणात ओळीने बसून कुट्टूची लापशी खाल्ली. कोबी घालून भाजलेल्या पिरोगांकडे बघायची परवानगी होती, खायची नव्हती. आईला अठरा जणांनी एकामागून एक येऊन "कापितोलिना येगोरोव्हना, दीर्घायुषी व्हा" म्हटलं, आणि नाव एवढं लांब असल्यामुळे लापशी थंड झाली.

आज बरोबरी झाली तरी पुरेशी होती. हरले तर प्रोकात खालच्या गटात जाणार, म्हणजे जाणार नाहीच, बंद होणार, हे क्लबच्या मालकांनी वर्तमानपत्रातच सांगून टाकलं होतं. आणि एकोणसाठाव्या वर्षी अर्कादीला नवा क्लब कोण देणार? आजवर सात क्लब झाले होते. एका ठिकाणी त्याला लिफ्टमध्येच कामावरून काढलं, चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधे. लिफ्टचं दार उघडलं तेव्हा नवा प्रशिक्षक खाली जायला उभा होता. पार उत्तरेला एका ठिकाणी हिमवादळात संघाचे सगळे चेंडू गाडले गेले, ते एप्रिलमध्ये सापडले, आणि त्याला मार्चमध्ये काढलं. एका सामूहिक शेतीच्या गावात तो संघाचा प्रशिक्षक होता, बसचा चालक होता आणि मोजे धुणाराही तोच होता. तिथून त्याला काढलं तेव्हा त्यांना तीन माणसं शोधावी लागली. प्रोकात हा आठवा. त्याच्या स्वतःच्या गावचा. इथेच तो लेफ्ट विंगला पळायचा आणि इथेच पळायचा थांबला होता.

पावणेदहाला गल्लीत एक ट्रक आला, पलीकडच्या टोकाने, तळ्याच्या बाजूने. त्याने पाठ वर केली, रस्त्यावर काहीतरी ओतलं आणि आला तसा निघून गेला.

शेजारचे मकार फोमिच टोपी हातात धरून फाटकात उभे राहिले. वय बहात्तर, विधुर, इस्त्रीचा शर्ट.

"कापा," ते म्हणाले, "वाढदिवसाच्या शुभेच्छा. घोड्याची लीद आहे. चार वर्षं मुरलेली. दहा टन."

आईच्या गालांवर अर्कादीला गेल्या वीस वर्षांत न दिसलेला रंग आला. "मकार, एवढी कशाला?"

"कशाला म्हणजे? ऐंशी वर्षं एकदाच होतात."

ल्योन्या, म्हणजे अर्कादीचा धाकटा भाऊ आणि बसचा चालक, बाहेर जाऊन ढीग बघून आला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"अर्काशा," तो म्हणाला, "कुंपणापासून खंदकापर्यंत. माझ्या खिडकीएवढा उंच."

प्रत्येकाला एकदमच कळलं होतं.

सामन्याच्या दिवशी संघाची बस मागे घ्यायची नाही. हे कुठे लिहिलेलं नाही, कारण लिहायची गरज पडत नाही. ल्योन्या सामन्याच्या आधी दोन दिवस रस्ता बघून यायचा. या गल्लीतही तो गुरुवारी आला होता: हमरस्त्यावरून आत शिरायचं, आईच्या फाटकाशी थांबायचं, पुढे तळ्याला वळसा घालून पुन्हा हमरस्त्याला लागायचं. नाक कायम पुढे. आता नाकासमोर दहा टन लीद होती आणि हमरस्ता चाळीस पावलांवर, पाठीमागे.

"भेट आहे ती," मकार फोमिच कुंपणावरून म्हणाले. "भेट काय लपवून द्यायची?"

आणि लुझगिनांच्या घरात तर 'मागे' हा शब्द नुसता उच्चारतानाही लोक एकमेकांकडे बघायचे. नव्वद सालच्या ऑक्टोबरात या दोघांचे वडील, प्रोखोर लुझगिन, प्रोकातची बस चालवत होते. तेव्हा प्रोकात मोठ्या गटात होता आणि मॉस्कोहून चामड्याचा कोट घातलेला एक माणूस खास अर्कादीचा खेळ बघायला येणार होता. त्या दिवशी सकाळी प्रोखोरने घराजवळ बस मागे घेतली. मालिशवाल्या कुझ्मिचने ते आपल्या खिडकीतून पाहिलं आणि कपडे बदलायच्या खोलीत जाऊन सांगितलं. अकराव्या मिनिटाला अर्कादीची नडगी दोन ठिकाणी मोडली. चामड्याचा कोट संध्याकाळच्या गाडीने परत गेला, दुसऱ्याच एका पोराला घेऊन.

"वळण चुकलं," प्रोखोर सगळ्यांना म्हणाला. सव्वीस वर्षांत ज्याचं एकही वळण चुकलं नव्हतं तो माणूस. त्यानंतर त्याने मरेपर्यंत काहीच मागे घेतलं नाही, गाडी नाही, शब्द नाही, डोमिनोतली चाल नाही. बारा वर्षांपूर्वी तो गेला तेव्हा स्मशानाच्या दारात शववाहिनीचा चालक गाडी मागे घ्यायला लागला, तर ल्योन्या चाकांमागे आडवा झोपला. शेवटी प्रोखोरला गावाला वळसा घालून नेलं. उशीर झाला, पण तो नाकासमोर गेला.

"किती वाजले?" अर्कादीने विचारलं.

"दहाला दहा कमी," त्याची बायको रिम्मा म्हणाली. ती हात पुसत बाहेर आली होती. "घ्या ना मग मागे. चाळीस पावलं तर आहेत."

अठरा खेळाडूंनी लापशीच्या वाट्यांमध्ये बघितलं.

"अठरा धडधाकट पुरुष," रिम्मा म्हणाली, "आणि एक गिअरचा दांडा ओढायला घाबरतात. मी या माणसाबरोबर चौदा घरं बदलली. प्रत्येक वेळी सामानाचा ट्रक दाराशी मागे घेऊनच लावला. मेलं का कोणी?"

"सात वेळा त्याला काढलं मात्र," ल्योन्या म्हणाला.

रिम्मा पुन्हा हात पुसायला लागली.

गोलकीपर झाखारने बोट वर केलं. तो पत्रद्वारे कायद्याचं शिक्षण घेत होता आणि तिसऱ्या वर्षाला होता, तिसऱ्यांदा. "अर्कादी प्रोखोरोविच, हेतू महत्त्वाचा. इंजिन बंद ठेवून आपण सगळ्यांनी हातांनी ढकलली, तर चालकाने काहीच केलं नाही असं होतं."

"नशिबाला कायदा कळत नाही, बाळा," कुझ्मिच म्हणाला. तो अजूनही संघाचा मालिशवाला होता. त्याला काढायचं असतं हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

"लीद उपसू," कोणीतरी म्हणालं.

"दहा टन?" कुझ्मिच म्हणाला. "मग संध्याकाळी यांच्या कमरा कोण सरळ करणार? मी शहात्तरचा आहे."

"आणि वास?" झाखार म्हणाला. "नाही, वासाचा फायदाही होईल म्हणा. मला कोणी मार्क करायला येणार नाही."

"तुला तसंही कोणी मार्क करत नाही, तू गोलकीपर आहेस."

तेवढ्यात आई म्हणाली, "कुंपण तोडा."

सगळे वळले.

"कुंपण तोडा आणि बटाट्यांतून न्या. पलीकडे मकारचं आवार आहे, तिथून तळ्याचा रस्ता लागतो."

अर्कादीने आईकडे नीट बघितलं. बटाट्याच्या त्या वाफ्यात तिने कधी कोंबडीला पाय ठेवू दिला नव्हता. अर्कादीच्या लग्नाच्या फोटोत नवरानवरी कडेला दाटीने उभी आहेत आणि मधोमध मोकळी जागा आहे, ती बटाट्यांची. आता रोपं चार बोटं वर आली होती, आणि ही म्हणत होती, बस न्या.

"आई, ते बटाटे मी लावलेत," रिम्मा म्हणाली. "माझी कंबर अजून तिथेच आहे."

"पुन्हा लावू."

"जूनमध्ये?"

ल्योन्या आईच्या बाजूने होता. तो काठी घेऊन वाफ्याकडे गेला, मातीत खुपसली, आणि काठी त्याच्या कोपरापर्यंत आत गेली. तो परत आला. "यात बस घातली तर ती ऑगस्टमध्ये निघेल. बटाट्यांबरोबर."

"मग लीद उपसा," आई म्हणाली. "मी उपसते. फावडं दे, मकार."

"कापा, तुझा वाढदिवस आहे."

"फावडं दे म्हटलं ना! पण बस मागे घ्यायची नाही. माझ्या दारातून नाही." तिचा आवाज चिरकला. तिने फाटकाचा खांब घट्ट धरला होता.

"ऐकलंत?" ल्योन्या रिम्माला म्हणाला. "आईलाही कळतं. आमच्या घरातून एकदा घेतली मागे, तेवढी पुरे. आज हरलो तर लोक काय म्हणतील? लुझगिन चालक. बापाने पोराचा पाय घालवला, आता भावाने क्लब घालवला. माझ्या पोरांनाही बस मिळणार नाही या गावात."

"बापाचं नाव घेऊ नकोस," आई म्हणाली.

"मी कुठे घेतलं? गाव घेतंय. चौतीस वर्षं घेतंय. 'वळण चुकलं' म्हणे. अगं, आपल्या घरापाशी कुठलं वळण होतं गं? सरळ रस्ता होता! मी लहान होतो तरी मला कळायचं की बाबा खोटं बोलतायत. प्यायले असणार, आणि..."

"वळण चुकलं नव्हतं," आई म्हणाली.

खांबाशी एक पालथी बादली होती, खांब न सोडता तिच्यावर ती बसली. आधी कुणीच बसायला सांगितलं नव्हतं, याची रिम्माला लाज वाटली.

"मी पळत होते," आई म्हणाली. "त्याच्या बसमागे. घरातल्या सपाता घालून. सकाळी चहाला आला होता तो बस घेऊन, रिकामी बस, आणि निघाला. मी अर्काशाची गादी काढायला गेले तर उशीखाली ती विजार. लोकरीची, आतून घालायची. मी विणलेली. बाहेर बर्फ, आणि हा पोरगा मॉस्कोच्या माणसासमोर उघड्या पायांनी पळणार. मी धावले. बर्फावर घसरले. त्याला आरशात दिसले." ती थांबली. "आला मागे. पंधरा पावलं. खिडकीतून हात बाहेर काढला, विजार घेतली, म्हणाला, 'घरात जा, कापा, पाय गारठतील.'"

खेळाडूंनी एकेक करून चमचे खाली ठेवले.

"संध्याकाळी दवाखान्यात सगळे जमले. कुझ्मिच ओरडत होता. मी तोंड उघडलं, तर प्रोखोरने बाकाखाली माझा पाय दाबला आणि म्हणाला, वळण चुकलं. मी म्हटलं, उद्या सांगू. मग उद्या, मग परवा. बावीस वर्षं तो माझ्यासमोर बसून जेवला. मग गेला. मग कुणाला सांगायचं होतं?"

कुझ्मिचने टोपी काढली. "मला बस दिसली होती, कापितोलिना. तू नव्हतीस दिसली. झाड होतं मधे." मग टोपी पुन्हा घालत तो म्हणाला, "ते झाड नंतर पालिकेने तोडलं," जणू तेवढं आधी झालं असतं तर.

अर्कादी बुटांकडे बघत उभा होता. सामने हरल्यावर पत्रकारांसमोर तो असाच उभा राहायचा. फक्त तेव्हा त्याच्याकडे सांगायला काहीतरी असायचं.

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय माहीत होतं?"

"ती विजार मी विसरलो नव्हतो, आई. लपवली होती. चावायची ती. आणि तिच्यात मी आजोबांसारखा दिसायचो. म्हणून उशीखाली घातली आणि निघालो. तर अकरा वाजता बाबा कपडे बदलायच्या खोलीत येतात आणि तीच विजार माझ्या हातात देतात. ती काय एकटी चालत आली असेल?"

आईने एप्रनची कड मुठीत धरली.

"मग कुझ्मिचने येऊन सांगितलं बस मागे घेतली म्हणून. मी बाबांकडे बघितलं, बाबांनी खिडकीकडे बघितलं. दोन नि दोन चार करायला वेळ लागला नाही."

"आणि तू बोलला नाहीस?"

"ते तुला झाकत होते. मी बोललो असतो तर तू उघडी पडली असतीस." त्याने नाक ओढलं. "त्यांना शेवटपर्यंत वाटत राहिलं की मी त्यांना दोष देतो. गावी आलो की रविवारी समोरासमोर बसायचो आम्ही. मी म्हणायचो, मीठ द्या. ते द्यायचे."

रिम्माने त्याच्या कोपराला हात लावला. चौदा घरांत तिला हे कळलं नव्हतं.

"थांबा," ल्योन्या म्हणाला. "म्हणजे आईला माहीत होतं. बाबांना माहीत होतं. तुला माहीत होतं. फक्त मला नव्हतं?"

"तू अकरा वर्षांचा होतास."

"मी आता पंचेचाळीसचा आहे!" त्याचा आवाज फाटला. "मी स्मशानात गाडीखाली झोपलो होतो, अर्काशा! चिखलात! नवा सूट घालून!"

यावर हसू नये हे सगळ्यांना कळत होतं. झाखारने चेहरा वाटीत लपवला. पहिली आईच हसली, रडतारडता, आणि मग मकार फोमिचना वाटलं की आता आपणही हसलं तर चालेल.

"आणि पाय कशाने मोडला, ते ऐका," अर्कादी म्हणाला. "त्यांचा तो बचावपटू आठवतो, कुझ्मिच? कपाटाएवढा. त्याच्या दोन पायांमधून मी चेंडू काढला. मग पुन्हा काढला. एकदा काढला असता तर त्याने सोडून दिलं असतं. दुसऱ्यांदा मी वळून त्याच्याकडे बघून हसलो. हसलो म्हणून मोडला. बस त्या वेळी मैदानाबाहेर उभी होती, इंजिन बंद करून."

"आणि विजार?" आईने विचारलं. "घातली होतीस?"

"घातली होती. डॉक्टरने कात्रीने कापली. म्हणाला, एवढी जाड लोकर नसती तर हाड बाहेर आलं असतं."

हे खरं होतं की नाही, अर्कादीला स्वतःला आठवत नव्हतं. पण आईने पदर नसल्यामुळे एप्रनने डोळे पुसले आणि खांबावरचा हात काढला, म्हणजे सांगितलं ते बरोबरच होतं.

दहाला दोन मिनिटं होती. अर्कादी बसच्या पायरीवर चढला.

"ल्योन्या, किल्ली."

"नाही. ती माझी जागा आहे."

"हरलो तर कुणाचा दोष?"

ल्योन्याने किल्ली मुठीत दाबली.

"प्रशिक्षक कशाला ठेवतात रे? खेळाडू पळतात, तू चालवतोस, कुझ्मिच चोळतो. मी काय करतो? मी दोष घेतो. आठ क्लबांत तेवढंच केलंय मी, आणि चांगलं केलंय. माझं काम तू का करतोस? बाबांनीही माझं काम केलं फुकटात." त्याने हात पुढे केला. "दे."

ल्योन्याने किल्ली दिली.

प्रवासाला निघण्याआधी बसून घ्यायच्या प्रथेप्रमाणे सगळे मिनिटभर बसले. खेळाडू जिथे होते तिथे, रिम्मा पायरीवर, आई बादलीवर. मकार फोमिचना जागा मिळाली नाही, ते आपल्या भेटीवर बसले.

मग अर्कादीने मागचा गिअर टाकला. गिअर कण्हला, सामूहिक शेतीच्या बसमधला कण्हायचा तसाच. अर्धा संघ सीटवर उलटा गुडघ्यांवर बसला होता, म्हणजे निदान त्यांच्यापुरती तरी बस पुढे जात होती. आई बसच्या मागे गल्लीच्या मधोमध उभी राहिली आणि दोन्ही हातांनी बोलावू लागली.

"ये, ये, ये! डावीकडे! अरे, डावीकडे! जन्मभर डावीकडूनच पळालास ना?"

"तिकडे खंदक आहे, आई!"

"खंदक मला दिसतोय. तू मला बघ."

अर्कादी आरशात तिलाच बघत होता. चाळीस पावलं ती त्याच्या आरशात उलटी चालत राहिली, लहान होत नव्हती, मोठी होत नव्हती.

हमरस्त्यावर पोचल्यावर ती कडेला झाली आणि लगबगीने घराकडे वळली. अर्कादी उठला, ल्योन्या त्याच्या जागेवर बसला, रुमालाने स्टिअरिंग पुसलं, आणि नाक पुढे करून निघाला. बसमध्ये कुणीतरी श्वास सोडला.

दोनशे पावलं गेली नसतील, तोच ल्योन्याने आरशात बघितलं आणि पाय ब्रेकवर ठेवला.

आई पळत होती. हातात पिरोगांची पिशवी, पायात सपाता. बसचे मागचे लाल दिवे लागलेले दिसताच ती जागच्या जागी थिजली. एक पाऊलही पुढे येईना. पिशवी डोक्यावर उंच धरून दुसऱ्या हाताने सांगत होती, जा, जा, काही नाही, जा.

"मघाची बळजबरी होती," कुझ्मिच हळूच म्हणाला. "आता ही हौस होईल."

"दोन वजा मिळून अधिक होतं," झाखार म्हणाला, पण त्याचीही खात्री दिसत नव्हती.

अर्कादीने तोंड उघडलं. दोष माझा, असं तो म्हणणार होता. त्याला म्हणावं लागलं नाही. ल्योन्या आरशातल्या त्या ठिपक्याकडे बघत होता आणि बघताबघता त्याचा हात आपोआप दांड्यावर गेला. गिअर कण्हला. बस मागे आली, सावकाश, अगदी सरळ, कुणी हाताने बोलावत नसताना, आणि ल्योन्याची खिडकी बरोबर आईच्या खांद्याशी येऊन थांबली.

त्याने हात बाहेर काढला आणि पिशवी घेतली.

"घरात जा, आई," तो म्हणाला. "पाय गारठतील."

जून महिना होता. डांबर मऊ पडलं होतं आणि तिच्या सपातांना चिकटत होतं.

"जाते," आई म्हणाली, आणि बस दिसेनाशी होईपर्यंत जागची हलली नाही.